लवू हडकराचे अकरा अर्ज

लवू हडकर लांबून दिसला की माणसं आडोसा शोधत. त्याने कुणाचं काही बुडवलेलं नव्हतं. कुणाशी त्याचं भांडण नव्हतं, दारूचं व्यसन नव्हतं, बोलणं तर इतकं गोड की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा. पण तो विम्याचा एजंट होता. एकोणीसशे चौपन्न साली मालवणच्या आसपासच्या खेड्यांतून विम्याचा एजंट म्हणजे काय आफत होती, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने लवूच्या मागून एक दिवस चालायला हवं होतं. पाणंदीच्या तोंडाशी त्याची काळी छत्री दिसली की अंगणातला माणूस परसात जाई, परसातला माडांच्या बागेत शिरे, आणि ज्याला पळायला जागाच नसे तो घोंगडी ओढून ताप आल्याचं सोंग करी. "इमो आयलो, इमो आयलो!" अशी आरोळी घरोघर पोचे. माणसाचं नावसुद्धा गेलं होतं, धंदा तेवढा उरला होता.

हा धंदा काही त्याने हौसेने धरला नव्हता. आठ वर्षं त्याने परळच्या गिरणीत काढली होती. एक्कावन्न साली खोकला लागला तो थांबेना. तेव्हा डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "गावी जा. परत गिरणीत आलास तर पाच वर्षांत आटोपशील." इतकं सरळ बोलणारा डॉक्टर नशिबानेच भेटतो, पण लवूला ते नशीब वाटलं नाही. तो आगबोटीने मालवणला उतरला आणि बायकोला, मथुराला, एवढंच म्हणाला, "मुंबयची हवा माका सोसणा नाय." हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

वडिलांची जमीन चुलत्यांत वाटली जाऊन त्याच्या वाट्याला घर, सहा माड आणि एक फणस एवढंच आलं होतं. तेवढ्यावर दोघांचं पोट भरत नाही. मग कुणाच्या तरी ओळखीने फोर्टातल्या एका विमा कंपनीची एजन्सी मिळाली. पगार नाही, कमिशन. आणलंत तर जेवा, नाही आणलंत तर ढेकर द्या, असा त्या कमिशनचा मामला. तीन वर्षांत त्याने जे मिळवलं त्यात चपलांचा खर्चसुद्धा नीट भागला नसता.

मथुराला हे चालणं दिसत होतं आणि हातात काही पडत नाही हेही दिसत होतं. तिचा भाऊ भाई परळलाच होता. त्याने आपल्या खात्यात जानेवारीपासून एक जागा सांगून ठेवली होती, आणि मथुरा रोज सकाळी चूल पेटवताना तेच म्हणे, "गिरणीत जावा. म्हयन्याच्या म्हयन्याक पगार. ह्या इम्याच्या पाटी किती दिस फिरतलास?" लवू "बगूया" म्हणून छत्री उचली.

गणपतीनंतर कंपनीचं एक छापील पत्र आलं. एकतीस डिसेंबरच्या आत जो एजंट बारा माणसांचे विमे आणील त्याला दरमहा पंचाहत्तर रुपये पगारावर कायम करण्यात येईल, असं त्यात होतं. लवूने ते पत्र चार वेळा वाचलं. पंचाहत्तर रुपये म्हणजे गाव, घर, मथुराच्या हातचं जेवण आणि छातीत समुद्राचा वारा. बारा झाले नाहीत तर जानेवारीत गिरणी. गिरणीनंतर काय ते डॉक्टरने सांगून ठेवलेलंच होतं. तेव्हा त्याच्या हातात एकच अर्ज होता, तोही शाळामास्तरांचा, आणि मास्तरांनी तो कीव येऊन भरला होता.

आता विमा विकायचा म्हणजे मरणाची गोष्ट काढायला हवी, आणि तिथेच लवूचं घोडं पेंड खात होतं. पहिल्याच वर्षी कसालजवळच्या एका वाडीत त्याने हौसाबाई नावाच्या म्हातारीसमोर तिच्या मुलाला विचारलं होतं, "उद्या तुमचा काय वायट-बरा झाला तर?" पुढचं वाक्य त्याला बोलताच आलं नाही. हौसाबाईने शेणाने माखलेल्या हातांनीच झाडू उचलला. "माज्या एकुलत्या झिलाक मरूक सांगतंस मेल्या? माज्याच खळ्यात बसान?" असं म्हणत तिने त्याला पाणंदीपर्यंत पोचवलं, आणि आठवड्याच्या आत ती हकीकत दहा वाड्यांनी आपापल्या परीने रंगवून घेतली.

त्या दिवसापासून लवूने आपल्या बोलण्यातून तो शब्दच काढून टाकला. तो पावसाचं बोले, भाताचं बोले, कुणाची म्हैस व्याली ते विचारी, चहा घेई, आणि निघताना हळूच म्हणे, "वर्साक थोडो पैसो बाजूक ठेवचो, अडीनडीक गावता." लोक मान डोलावत. मग ठरलेलं उत्तर येई, "देवाक कौल लावूया आणि मगे सांगतंव." आपल्याकडे बैल घ्यायचा तर देवाला विचारतात, विहीर खणायची तर विचारतात, मुलीचं स्थळ आलं तरी विचारतात. पण विम्यासाठी मुद्दाम देवळात कोण जाणार? कौल काही लागत नसे, आणि लवू पुढच्या घराकडे चालू लागे.

दसऱ्यानंतर मात्र त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. लोक देवाला विचारू म्हणतात ना, मग आपणच विचारून घेऊ. त्याने खाडीपलीकडचं धामणवडे गाव धरलं. तिथला गावकर, म्हणजे देवस्थानचा पहिला मानकरी, सत्यवान परब. माणूस तापट, पण शब्दाचा पक्का. लवूने त्याच्या पायऱ्या झिजवल्या, आणि कार्तिकातल्या एका सकाळी रवळनाथाच्या देवळात सारा गाव जमला. गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं कसं घालायचं ते लवूने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरुवात केली, "हो लवू हडकर तुज्या पायाकडे आयलो आसा. वर्साक थोडो पैसो कंपनीत ठेवचो आणि अडीनडीक तो घराक परत गावाचो, असा तेचा म्हणणा आसा. तुज्या लेकरांनी ता करूचा आसात तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

उजवी पाकळी पडली. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी जेवणवेळेपर्यंत अकरा जणांनी अर्जांवर सह्या आणि अंगठे उठवले. कागदावर काय लिहिलंय ते कुणी विचारलं नाही. देवाने सांगितलेलं वाचून बघायचं असतं का? अकरा आणि मास्तरांचा एक, बारा! घरी जाताना लवू होडीत उभाच राहिला, बसणं त्याला सुचेना. होडीवाल्याने दोनदा दटावलं तेव्हा कुठे तो बसला.

कंपनीला मात्र आनंद झाला नाही. तीन वर्षांत ज्याने एक अर्ज धाडला तो एका दिवसात अकरा धाडतो, तेही एकाच गावातून! फोर्टातल्या माणसांनी असले चमत्कार पुष्कळ पाहिलेले असतात. पत्र आलं की आमचे तपासणीस श्री. दिघे प्रत्यक्ष येऊन अकराही माणसांना भेटतील, सोयीची तारीख कळवा. लवूने सत्यवानाला विचारलं, "कापणी-झोडणी कदी आवारतली?" सत्यवान म्हणाला, "मार्गशीर्षात येवा. सगळी घराकडे गावतली." लवूने घरी येऊन कॅलेंडर पाहिलं आणि आपणच तारीख घातली, डिसेंबरची नऊ, गुरुवार. गुरुवार बरा असतो.

धामणवड्याची गावपळण त्याच्या ध्यानातच आली नाही. आठ वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाचं असंच होतं, सणवार आठवतात पण शेजारच्या गावाच्या पाळ्या विसरतात. धामणवडे दर तिसऱ्या वर्षी देवदिवाळीनंतर गाव सोडतं. देवाला कौल लावायचा, आणि देवाने दिवस दिला की तीन दिवस, तीन रात्री गावात माणसाचं पाऊल राहू द्यायचं नाही. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी बरोबर न्यायची आणि वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं. त्या वर्षी कौल रविवारी झाला आणि बुधवारी गाव बाहेर पडलं. लवूला कुणी कळवलं नाही. कळवायचं काय त्यात? गावपळण कुणाला ठाऊक नसते असं धामणवड्यातल्या माणसाला वाटणंच शक्य नव्हतं. आणि बुधवारी तर लवू तपासणिसाला उतरवून घ्यायला कसालच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघत उभा होता.

दिघे पन्नाशीचा, किडकिडीत, पोटाचा आजारी माणूस होता. वाईट नव्हता. बावीस वर्षं लोकांची खोटी वयं आणि खोट्या सह्या बघून कंटाळलेला होता, एवढंच. गुरुवारी सकाळी खाडी ओलांडून दोघे धामणवड्यात शिरले. पहिल्या घराला बाहेरून कडी, दुसऱ्यालाही. तिसऱ्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळस होती, पण तिच्यापुढे दिवा नव्हता. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडं आरवलं नाही, विहिरीवर राहाट वाजला नाही. दिघ्यांनी पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढला, पुन्हा ठेवला आणि रुमालाने मान पुसली.

"हडकर, गाव कुठे आहे?"

लवू चार पावलं पुढे गेला. देवळाच्या दाराला गाव सोडताना बांधतात तशा झावळ्या त्याने पाहिल्या आणि सगळं त्याच्या लक्षात आलं. "साहेब, गाव पळालं आहे."

"कुणाला बघून? तुम्हाला?"

लवूने हात जोडून सगळं समजावून सांगितलं. दिघ्यांनी ऐकून घेतलं. मेलेल्या माणसांच्या नावाचे अर्ज त्यांनी पाहिले होते, जन्माला न आलेल्यांचेही पाहिले होते, पण अख्खा गावच नसलेला हा पहिला, असं ते म्हणाले. "ही माणसं दाखवा मला. आज दाखवा. उद्या सकाळी मला वेंगुर्ल्याची गाडी धरायची आहे."

वेशीबाहेर व्हाळ, म्हणजे ओढा, होता आणि व्हाळापलीकडे माळावर सारं धामणवडे बसलं होतं. झोपड्या आपल्या वाडीवाडीप्रमाणे घातल्या होत्या. तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, माशांच्या कढीचा वास सुटला होता, बायका फुगड्या घालत होत्या. वर्षभर राबणारी माणसं सक्तीची सुट्टी घेऊन बसली होती. लवूच्या जिवात जीव आला. "हे पाहा, साहेब," तो म्हणाला, "सगळे आहेत." आणि खरोखरच अकराच्या अकरा जण हसत पुढे आले, नाव, वय, घर, सगळं बरोबर सांगितलं. सत्यवानाने साहेबांना बसायला घोंगडी अंथरली आणि शहाळं फोडून दिलं. दिघ्यांच्या चेहऱ्यावरच्या आठ्या जरा सैल झाल्या.

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "विमा कशासाठी घेतलात?"

"देवान कौल दिल्यान म्हणान," सत्यवान म्हणाला.

"बरं. पैसे कधी मिळणार तुम्हाला?"

"अडीनडीक."

"अडीनडी म्हणजे?"

मागून एकाने सांगितलं, चेडवाचं लग्न निघालं की. दुसरा म्हणाला, घराची कौलं बदलायची असली की. तिसऱ्याला होडी घ्यायची होती. दिघ्यांनी शहाळं खाली ठेवलं आणि ते लवूकडे बघू लागले. लवू जमिनीकडे बघत होता.

दिघ्यांनी त्याला बाजूला नेलं. "हा आजन्म विमा आहे, हडकर. माणूस गेल्याशिवाय यातला छदाम मिळत नाही. यांना हे माहीतच नाही."

"साहेब, लोक तो शब्द ऐकून घेत नाहीत."

"म्हणून तुम्ही सांगितलंच नाहीत. उद्या हा मुलीच्या लग्नाला पैसे मागायला आला तर कंपनी काय सांगेल? आणि लोक तुम्हाला काय म्हणतील?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच लागत होता. "आता माझ्यासमोर सांगा. सांगितल्यावर जे कायम राहतील त्यांची नावं मी खरी धरतो. बाराचे बारा राहिले तर तुमच्या पगाराची शिफारस मी स्वतः करीन."

"साहेब, इथे नको. परवा गाव भरेल. मी घरोघर जाऊन सांगतो, पायावर हात ठेवून सांगतो. पण ही जागा, हे दिवस... इथे असं बोलत नाहीत."

"तारीख कुणी घातली होती?"

तारीख लवूनेच घातली होती. तो माणसांत परत आला. गप्प बसला तर दिघे 'विमेदार अनभिज्ञ' असा शेरा मारणार आणि सगळेच अर्ज जाणार. बोलला तर काही राहतील, कदाचित सगळेही राहतील. माणूस बुडताना असाच हिशेब करतो. आणि त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट होती, ती त्याला त्या माळावर पहिल्यांदा नीट दिसली. ही माणसं त्याला आवडत होती, आणि त्याने त्यांना फसवलं होतं.

"आयका," तो म्हणाला. फुगड्या थांबल्या. "ह्यो पैसो लग्नाक गावचो नाय. घराच्या कौलांक गावचो नाय, होडयेक गावचो नाय. तुमी मेल्यार गावतलो. तुमच्या पाटी तुमच्या बायलेक, पोरांक गावतलो. हेका इमो म्हणतत. ह्यां मी तुमका आदीच सांगूक व्हया होता. नाय सांगलंय. माजी चूक झाली."

एका बाईने आपलं मूल पदराखाली घेतलं. एक म्हातारा उठून झोपडीत गेला. सत्यवानाचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला.

"लवू, आमी घरदार सोडून देवाच्या हुकमान हय बसलंव. तीन दिस हय कोण वायट अक्षर तोंडातसून काडणत नाय. आणि तू उभ्या गावाच्या मरणाची गजाल करतंस?"

"साहेबांनी सांगल्यानी म्हणान..."

"साहेबांचा सोड. तू देवाक काय सांगलंस ता सांग." सत्यवान अगदी जवळ आला. "अडीनडी, असा सांगलंस मा? देवाच्या म्होरां उभो ऱ्हवान अर्धा सांगलंस. देवान तुज्या अर्ध्यार उजवो दिल्यान. आमका फसवलंस ता एक वेळ खपात. पण कौल खोटो केलंस, लवू."

सत्यवानाने आपलं नाव काढायला सांगितलं. मग एकामागून एक, "माजाय काडा," "माजाय काडा." काही जण रागावले होते, काही नुसते घाबरले होते, आणि एक-दोघांना लवूची दया येत होती, पण नाव त्यांनीही काढलं. दिघे प्रत्येक अर्जावर रेघ मारत होते. अकरातले दोन राहिले. एक सुतार, ज्याला तीन मुली होत्या, आणि एक खलाशी, जो म्हणाला की दर्यावर जाणाऱ्याला हे ऐकायची सवय असते. मास्तर धरून तीन. बारा व्हायला नऊ कमी, आणि वर्ष संपायला बावीस दिवस.

लवू पिशवी उचलून व्हाळाकडे निघाला. पाणी भरायला आलेली एक बाई वाटेत थांबली. अंगावर जुनं लुगडं, कपाळ रिकामं, वय पंचविशीच्या आतलं. तिने त्याला वाट दिली नाही.

"वळाखल्यात माका?"

लवूने ओळखलं. ती नर्मदा, बाबू पाडेल्याची बायको. गेल्या भादव्यात बाबू नारळ पाडायला चढला असताना माडावरून पडून गेला, हे त्याने ऐकलं होतं.

"तेच्या आदी वैशाखात तुमी आमच्या खळ्यात येवन बसल्यात," नर्मदा म्हणाली. "मी च्या दिलंय. तेंनी तुमका इचारल्यानी, ह्यो इमो म्हणजे काय ता माका समजावन सांगा. मी दारात उभी होतंय."

"व्हय. इचारल्यान माका."

"तुमी हसल्यात. आज नुको, मगे कदीतरी सांगतंय, असा म्हणाल्यात आणि म्हशीचा इचारल्यात." ती रडत नव्हती. हंडा तिने कमरेवरून खाली ठेवला. "आता सगळ्यांक सांगल्यात, ता तेंका कित्याक नाय सांगल्यात?"

"वायट दिसता, बाय, असा बोलणा."

"कोणाक वायट दिसता?"

लवूने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आमचो धंदोच माडार चडूचो. मरण आमका रोज दिसता. तुमी सांगला असतास तर तेंनी केलो असतो. तेंनी नाय तर मी केलो असतो, डोरला मोडून केलो असतो. आता दोन पोरांक घेवन दिराच्या दारात आसंय." तिने हंडा उचलला. "वायट तुमका दिसला, लवूदादा. आमका नाय."

ती व्हाळात उतरली. लवूला त्या क्षणी हौसाबाईचे दहा झाडू परवडले असते. तीन वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की लोकांचं मन दुखू नये म्हणून आपण तो शब्द गिळतो. खरं तर त्याला नकार ऐकायचा नव्हता. चहा मिळत होता, हसून बोलता येत होतं, आणि जो बाबू सरळ विचारत होता त्यालाच त्याने म्हशीच्या गोष्टीवर घालवलं होतं. लाज कशाला म्हणतात ते लवूला त्या दिवशी कळलं.

खाडीपलीकडे उतरल्यावर दिघे म्हणाले, "हडकर, आज जे बोललात तेच पहिल्या दिवशी बोला. तीन अर्ज खरे आहेत, त्यांचं कमिशन मिळेल. पगाराचं मात्र विसरा." मग छत्री उघडता उघडता त्यांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा विमा आमच्याकडेच असेल ना?"

"केला होता अर्ज, साहेब. कंपनीच्या डॉक्टरांनी नाकारला. छाती तपासली आणि नाकारला."

दिघ्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "घरी ठाऊक आहे?"

लवूने नकारार्थी मान हलवली. मुक्कामाकडे वळताना दिघ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुपार कलली होती. मथुरा मागल्या दारी बसून बांगडे साफ करत होती. त्याचा चेहरा बघून तिला काय ते समजलं. तिने त्याला एका शब्दानेही दुखवलं नाही. उलट धीर द्यावा तशी म्हणाली, "जावंदे. झाला ता बऱ्याक. आता भाईक पत्र घाला. जानेवारीत जावन हजर ऱ्हवा. गिरणीत तुमका काय कमी नाय."

लवू तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मथुरा, मी गिरणीत गेलंय तर मरतलंय."

"असा कित्याक बोलतास?"

"डागदारान सांगल्यान. परत इलंस तर पाच वर्सांत आटोपशीत. माजी छाती गेलेली आसा. माजो इमो सुदीक कोण घेणा नाय."

मथुराच्या हातातला बांगडा तसाच राहिला. "कदी सांगल्यान?"

"एक्कावनात. बोटीत बसाच्या आदल्या दिसा."

"तीन वर्सां झाली." ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तीन वर्सां मी रोज सकाळी तुमका सांगत ऱ्हवलंय, गिरणीत जावा, गिरणीत जावा. म्हणजे रोज उठान मी तुमका मरूक धाडी होतंय. आणि तुमी ऐकान घेत ऱ्हवल्यात?"

"तुका वायट वाटात म्हणान..."

"माका?" मथुरा ओरडली, आणि मग तिचा आवाज बसला. "माका इचारलात काय, माका काय वाटात ता?"

तिने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि तडक मास्तरांच्या घरी गेली. तिला लिहिता येत नव्हतं. मास्तरांकडून तिने भाईला पत्र लिहून घेतलं, की जागा दुसऱ्या कुणाला द्या, आमचं माणूस येणार नाही. कारणही तिने लिहायला लावलं. मास्तरांची लेखणी अडखळली तेव्हा ती म्हणाली, "लिवा. तसाच लिवा."

त्यानंतर आठ दिवस ती लवूशी बोलली नाही. जेवायला वाढी, अंघोळीचं पाणी काढी, पण बोलत नसे. नवव्या दिवशी ती म्हणाली, तुम्ही गेलात तर मी काय करायचं ते आपण आत्ताच बसून ठरवूया. आणि दोघं खरोखरच बसली. माड कुणाला खंडाने द्यायचे, चुलत्यांनी घर मागितलं तर कोणता कागद दाखवायचा, हे लवूने तिला सांगितलं. स्टँडजवळ खानावळ घालायची, हे तिने त्याला सांगितलं. पंचावन्न साली शिमग्यानंतर खानावळ सुरू झाली.

पुढे विमा कंपन्या सरकारजमा झाल्या, लवू मात्र कमिशनवरच राहिला. बसल्याबरोबर, चहा यायच्या आधी, तो मरणाचं बोले. पुष्कळ घरांतून त्याला तसंच उठवलं. धामणवड्यात सत्यवानाने त्याला देवळासमोर नाक घासायला लावलं, पण कौल पुन्हा लावला नाही तो नाहीच. नर्मदेच्या दारी तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा खळ्यातूनच परतला.

तो गेला त्रेसष्ट साली, पावसाळ्यात, स्वतःच्या घरात, चाळिसाव्या वर्षी. मथुराला कुणाकडून एक पैसा मिळाला नाही. बाराव्याला आलेल्या बायकांनी विचारलं, "आता कसा होताला गो तुजा?" मथुरा म्हणाली, "तेंनी माका सांगून ठेवलेला." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खानावळीची चूल पेटवली.